बत्तिसावा आराखडा

न्यूयॉर्क शहरात ईस्ट नदीच्या काठी ३९ मजल्यांची एक उंच, अरुंद इमारत उभी आहे. तिच्या दोन्ही रुंद बाजू काचेच्या आहेत. हे संयुक्त राष्ट्रसंघाचे सचिवालय होय. शेजारीच आमसभेचे बसके भवन आहे. तेथे जगातील राष्ट्रांचे प्रतिनिधी एकत्र बसतात. या वास्तू अमुक एकाच वास्तुशिल्पज्ञाने निर्माण केल्या, असे म्हणता येत नाही. त्यामागे १९४७ सालची एक कथा आहे.

दुसरे महायुद्ध नुकतेच संपले होते. राष्ट्रांनी रणांगणावर न भेटता एका घरात भेटावे, म्हणून हे घर बांधावयाचे होते. ते कोणा एकाच देशाचे वाटू नये, यासाठी दहा देशांतील वास्तुशिल्पज्ञांचे मंडळ नेमण्यात आले. अमेरिकेचे वॉलेस हॅरिसन हे त्याचे प्रमुख होते. फ्रान्सहून ल कॉर्बुझिए आले. त्यांचे वय ५९ वर्षांचे होते आणि कीर्ती जगभर पसरली होती. ब्राझीलहून ३९ वर्षांचे ऑस्कर निमायर आले.

हे दोघे परस्परांना अपरिचित नव्हते. १९३६ साली ल कॉर्बुझिए हे एका सरकारी इमारतीच्या कामी सल्ला देण्यासाठी रिओ दी जानेरो येथे गेले होते. तेव्हा नवख्या निमायर यांनी त्यांच्या हाताखाली रेखाटने केली होती. ते त्यांना गुरुस्थानी मानीत. आता मात्र गुरू आणि शिष्य समान अधिकाराने एका मंडळात बसले होते.

मंडळापुढे अनेक आराखडे आले व प्रत्येकास क्रमांक मिळाला. ल कॉर्बुझिए यांचा आराखडा तेविसावा. त्यावर टीका होऊ लागली, तेव्हा निमायर यांनी वेगळा आराखडा न मांडता आपल्यालाच साहाय्य करावे, असे त्यांनी सुचविले. शिष्याने ते मानलेही. परंतु त्यांनी स्वतःची कल्पना मांडलीच पाहिजे, असा हॅरिसन यांनी आग्रह धरला. मग निमायर यांचा बत्तिसावा आराखडा पुढे आला. त्यात सचिवालय व आमसभेचे भवन एकमेकांपासून दूर असून मध्ये एक विस्तीर्ण मोकळा चौक होता. मंडळास तो पसंत पडला. शिष्य गुरूच्या पुढे गेला!

ल कॉर्बुझिए यांना हे सहज रुचणारे नव्हते. आमसभा ही या संस्थेचे मुख्य अंग. तिचे भवन मध्यभागीच हवे, असे त्यांनी निमायर यांना सांगितले. तसे केल्यास आपला चौक नाहीसा होईल, हे निमायर यांना स्पष्ट दिसत होते. निवड त्यांच्या बाजूने झाली होती. ते नकार देऊ शकले असते. तरी त्यांनी होकार दिला. दोघांनी मिळून ‘तेवीस-बत्तीस’ असा जोड आराखडा सादर केला. त्याच्याच आधारे पुढील काम झाले आणि १९५२ साली या वास्तू पूर्ण झाल्या.

आपल्याला योग्य श्रेय मिळाले नाही, हे शल्य ल कॉर्बुझिए यांच्या मनात राहिले. निमायर यांनाही त्या चौकाची हळहळ वाटत राहिली. त्यांनी ती लपविली नाही. पण त्यांनी गुरूशी वैर धरले नाही. पुढे बऱ्याच वर्षांनी एकदा भोजनाच्या वेळी ल कॉर्बुझिए त्यांना म्हणाले की, तुम्ही उदार आहात. गुरूला न्यूयॉर्कचीच आठवण झाली असावी, असे निमायर यांना वाटले.

त्यानंतर दोघांच्याही हातून राजधान्या घडल्या. ल कॉर्बुझिए यांनी १९५१ पासून आपल्या देशात चंदीगडची रचना केली. ब्राझीलची नवी राजधानी ब्राझीलिया १९६० साली खुली झाली. तिची आखणी लूसिओ कोस्टा यांची आणि प्रमुख इमारती निमायर यांच्या. तेथे संसद, न्यायालय व राष्ट्राध्यक्षांचे कार्यालय यांच्यामध्ये एक विस्तीर्ण मोकळा चौक आहे.

स्पर्धेत जिंकण्यास बुद्धी लागते. जिंकल्यावर आपले काही सोडण्यास मनाचा मोठेपणा लागतो. राष्ट्रांनी आपापला हट्ट सोडावा म्हणून जे घर बांधले, त्याच्या पायात एका माणसाने सोडलेला हट्टही आहे.

स्वाध्याय
१. वास्तुशिल्पज्ञ दहा देशांतून का बोलाविण्यात आले?
२. बत्तिसाव्या आराखड्याचा विशेष कोणता होता?
३. निमायर यांनी होकार दिला, हे तुम्हांला योग्य वाटते काय? सकारण लिहा.