पाण्यांतील धातु वेचणारें द्रवपटल

भूम व कुंथलगिरीकडील ज्या घरांत दूध-खव्याचा धंदा आहे, त्यांस दूध व लोणी यांतील भेद सांगावयास नको. दुधांत पाण्यामध्यें स्निग्धाचे कण असतात. लोण्यांत उलट, स्निग्धामध्यें पाण्याचे थेंब कोंडलेले असतात. द्रवपटल हें ह्या दुसऱ्या जातीचें समजावें.

सांडपाण्यांत विरघळलेलें जस्त गाळून निघत नाहीं. तें काढण्यासाठीं स्वच्छ रॉकेलांत धातूस धरणारें स्फुरदयुक्त सेंद्रिय अम्ल व शेंकडा २ ते ५ साबणाच्या जातीचें द्रव्य मिसळितात. त्यांत पातळ गंधकाम्ल हळूहळू सोडून अतिवेगानें घुसळितात. मिश्रण दुधासारखें पांढरें झालें कीं पायस तयार झालें. तें दहा-वीस पट सांडपाण्यांत सोडून मात्र बेतानेंच ढवळावयाचें; येथें घाई केल्यास थेंब फुटून कोंडलेलें सारें पुन्हां पाण्यांत जातें. आंत अम्लाचा थेंब, बाहेर दूषित पाणी, मध्यें रॉकेलाचा थर. हा थर म्हणजेच पटल.

बाहेर जस्त थोडें व आंत पुष्कळ, तरी तें आंतच कां शिरतें? जुन्या मोटेची आठवण करावी. बैल धावेवरून खालीं उतरत, म्हणून पाणी वर येई. येथें अम्लांतील हायड्रोजन बाहेर उतरतो व त्या बळावर जस्त आंत चढतें. पुढें वर तरंगणारें पायस काढून विजेच्या दाबानें फोडितात. रॉकेल पुन्हां उपयोगी पडतें व जस्त अम्लांत हातीं लागतें.

अमेरिकेंत नॉर्मन ली यांनीं १९६८ सालीं द्रवपटलाचें पेटंट मिळविलें, तें खनिज तेलांतील घटक वेगळे करण्यासाठीं. ऑस्ट्रियांत लेंझिंग येथील व्हिस्कोस कारखान्यानें १९८० नंतरच्या दशकांत तीच युक्ति जस्तासाठीं योजिली. तुर्भे येथील भाभा अणु संशोधन केंद्रांतहि अशा पटलांचा अभ्यास झाला आहे.

आतां आपल्या विहिरीचें काय? बालाघाटाच्या काळ्या पाषाणांतील पाणी जड असतें तें चुना व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळें. त्यास हा उपाय नव्हे. बोअरचें पाणी ठेवल्यावर तांबडें होत असेल, तर बहुधा तें लोह. पाण्यास हवा लागूं देऊन वाळूंतून गाळावें. शेजारीं धातूंस मुलामा देणारा कारखाना असेल, तर पाणी अवश्य तपासावें. परंतु दोष निघाला तरी ही कृति विहिरीवर करूं नये; पाण्यांत रॉकेलाचा अंश राहतो. ती कारखान्याच्या नळाशींच, पाणी ओढ्यास मिळण्यापूर्वीं, व्हावयास हवी व तसा आग्रह गांवानें धरावा. नमुना उन्हाळ्यांत व पावसाळ्यानंतर असा दोनदां द्यावा. धातूंसाठीं वेगळी बाटली प्रयोगशाळेंतूनच मागून घ्यावी, कारण तो नमुना टिकविण्यास त्यांत अम्ल घालावें लागतें.