दाण्यातील विष

कर्करोग म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम तंबाखू येते, आणि ते योग्यच आहे. परंतु तंबाखूला न शिवणाऱ्या घरातही एक धोका धान्याच्या डब्यात दडलेला असू शकतो. त्याचाच विचार मी येथे करणार आहे.

१९६० साली इंग्लंडमध्ये सुमारे एक लाख टर्की पक्षी अल्पावधीत दगावले. शोध घेता असे आढळले की, त्यांना घातलेल्या भुईमुगाच्या पेंडीत ‘अ‍ॅस्परजिलस फ्लेव्हस’ नावाची बुरशी वाढली होती. तिने निर्माण केलेल्या विषाला पुढे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. हे विष यकृतात गेल्यावर रूप पालटते व पेशीतील डीएनएला चिकटते. वर्षानुवर्षे थोडे थोडे पोटात गेल्यास त्यातून यकृताचा कर्करोग संभवतो. हिपॅटायटिस-बी या काविळीचा विषाणू ज्याच्या शरीरात ठाण मांडून आहे, त्याला हा धोका अनेक पटींनी अधिक.

एकदम पुष्कळ विष पोटात गेले, तर कर्करोगाची वाटही पाहावी लागत नाही. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल व राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांत अवकाळी पावसाने मका भिजला. बुरशीचा तोच मका खाऊन शंभरावर माणसे यकृताच्या विकाराने मरण पावली.

मग दाण्याचे कूट वर्ज्य करावे काय? मुळीच नाही. शेंगदाणा हे आपले स्वस्त व सकस अन्न आहे. मात्र भाजल्याने वा उकळल्याने हे विष पुरते नष्ट होत नाही, म्हणून निवडणे हाच खरा उपाय. काळवंडलेला, सुरकुतलेला, बुरशी आलेला दाणा बाजूला काढावा. शेंगा कडकडीत वाळवाव्यात व ओल न लागेल अशा जागी ठेवाव्यात.

बाजूला काढलेल्या दाण्यांचे काय करायचे, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. ‘गुरांना होतील’ असे आपण सहज म्हणतो. पण गाईने ते खाल्ले, तर विषाचा अंश दुधावाटे घरात परत येतो. बाजारात असा दाणा स्वस्त मिळतो, आणि तो घेणारा काही हौसेने घेत नाही. जे आपल्या ताटात नको, ते दुसऱ्याच्या ताटातही जाऊ नये, एवढा विवेक निवडणाऱ्या हातांनी बाळगला पाहिजे.