चोपन्न वर्षे एकाच मंडळीत: दीर्घकाळ सेवा केलेल्या पाळकांकडून पुढाऱ्यांसाठी धडे

शास्त्रपाठ: १ पेत्र ५:१-४; २ तीमथ्य २:२, २४-२५



स्थानिक मंडळीच्या जीवनात एक काळ असा येतोच. पाळक थकलेला असतो, कमिटीत दोन गट पडलेले असतात आणि उपासनेला येणाऱ्यांची संख्या कमी होत असते. मग पाळकाच्या मनात येते, ‘आता दुसरीकडे जावे.’ मंडळीच्या मनात येते, ‘पाळक बदलला म्हणजे सगळे सुरळीत होईल.’ कधीकधी बदल खरोखर देवाकडून असतो. पण पुष्कळदा आपण पीक उगवण्याआधीच शेत सोडून निघतो.

आज आपण एका पाळकाच्या जीवनाकडे पाहू. इंग्लंडमधील केंब्रिज शहरात चार्ल्स सिमियन यांनी १७८२ पासून १८३६ मध्ये मृत्यू येईपर्यंत, म्हणजे चोपन्न वर्षे, होली ट्रिनिटी या एकाच चर्चमध्ये सेवा केली. त्यांचे नाव आपल्यातील अनेकांनी ऐकलेही नसेल, पण त्यांच्या सेवेचे फळ भारतापर्यंत पोहोचले आहे.

१. भांडू नका, आणि जागाही सोडू नका

सिमियन या चर्चमध्ये आले तेव्हा ते अवघे तेवीस वर्षांचे होते. मंडळीला ते नको होते. आधीपासून तेथे काम करणारे साहाय्यक पाळक हॅमंड यांनाच नेमावे, अशी लोकांची इच्छा होती. बिशपांनी सिमियन यांना नेमले, तेव्हा लोकांनी आपला राग उघडपणे दाखवला. त्या काळी चर्चमधील बाके कुटुंबांच्या ताब्यात असत आणि त्यांना दारे व कुलपे असत. लोकांनी आपापल्या बाकांना कुलूप लावले आणि स्वतः येणे बंद केले. जे ऐकायला येत त्यांना मधल्या वाटेत उभे राहावे लागे. सिमियन यांनी स्वतःच्या पैशांनी बसायला साधी बाकडी आणून ठेवली, तर चर्चच्या कारभाऱ्यांनी ती उचलून बाहेर अंगणात फेकली. दुपारच्या उपासनेतील उपदेशाचे काम मंडळीने बारा वर्षे त्यांच्याऐवजी दुसऱ्यांना दिले. त्यांनी संध्याकाळची उपासना सुरू केली, तेव्हा चर्चच्या दारालाच कुलूप लागले. ही बाकांची कुलपे दहा वर्षांहून अधिक काळ तशीच राहिली.

अशा वेळी तुम्ही काय केले असते? सिमियन यांनी दुसऱ्या तीमथ्यातील एका वचनाचा आधार घेतला: प्रभूच्या दासाने भांडखोर असू नये, त्याने सर्वांशी सौम्यतेने वागावे व सहनशील असावे (२:२४). त्यांनी आपल्या मनाची अशी समजूत घातली की अर्धीच मंडळी आली आणि आलेल्यांना दुप्पट आशीर्वाद मिळाला, तरी देवाच्या हिशेबात काही कमी होणार नाही. ते उपदेश करत राहिले, आणि हळूहळू लोकांची मने बदलली.

दोन्ही गोष्टी लक्षात घ्या. सिमियन यांनी सत्य सांगणे थांबवले नाही, आणि विरोध करणाऱ्यांना शत्रूही मानले नाही. पुष्कळ पुढारी यातली एकच गोष्ट करतात. कोणी सत्यासाठी उभे राहतात पण भांडतात, तर कोणी भांडण टाळतात पण गप्प बसतात.

२. लोकांसमोर उभे राहण्यापूर्वी देवासमोर बसा

इतकी वर्षे हे बळ कोठून आले? सिमियन पहाटे चार वाजता उठत आणि सकाळी आठपर्यंतचा वेळ प्रार्थनेत व पवित्र शास्त्राच्या वाचनात घालवत. हे त्यांना सहज जमत नसे. उशिरा उठण्याची सवय मोडण्यासाठी ते स्वतःला दंड करून घेत. एका मोठ्या पुढाऱ्यालाही अंथरुणाशी झगडावे लागत होते, हे वाचून आपल्याला धीर येतो.

सेवेच्या सुरुवातीच्या काळात, चहूकडून थट्टा होत असताना, एके दिवशी दुःखी मनाने फिरायला गेलेल्या सिमियन यांनी हातातील ग्रीक नवा करार उघडला. देवाने वचनातून सांत्वन द्यावे, अशी त्यांची प्रार्थना होती. समोर आला तो कुरेनेकर शिमोनाचा प्रसंग. त्याच्यावर ख्रिस्ताचा वधस्तंभ वाहून नेण्याची सक्ती झाली होती. शिमोन हे तर त्यांचेच नाव! आपल्यावर आलेला अपमान हा ख्रिस्तामागे वधस्तंभ वाहण्याचा मान आहे, हे त्यांना उमगले.

तुमची सकाळ कशी जाते? मोबाइलवरचे निरोप आधी पाहता की देवाचे वचन? ज्या पुढाऱ्याला रोज देवाकडून मिळत नाही, तो काही वर्षांतच आतून रिकामा होतो.

३. स्वतःचा स्वभाव वचनाखाली आणा

सिमियन यांचा स्वभाव तापट होता. एकदा एका मित्राच्या घरी नोकराच्या एका क्षुल्लक चुकीवर ते भडकले. मित्राने त्यांना त्याबद्दल पत्रातून चिमटा काढला. सिमियन यांनी सबबी सांगितल्या नाहीत. त्यांनी चूक कबूल करणारे उत्तर लिहिले आणि सही करताना स्वतःला ‘गर्विष्ठ आणि चिडखोर’ असे नाव दिले.

दोन-तीन वर्षे राहणारा पाळक आपले दोष झाकू शकतो. वीस वर्षे राहणाऱ्याला ते शक्य नसते, कारण मंडळी त्याला घरातल्या माणसासारखी ओळखते. म्हणून दीर्घ सेवेत क्षमा मागण्याची सवय फार मोलाची आहे. तुम्हाला तुमची चूक तोंडावर सांगू शकेल असा एक तरी मित्र आहे का? आणि त्याने सांगितल्यावर तुम्ही ऐकता का?

४. लोकांच्या भाकरीची काळजी घ्या

१७८८ च्या हिवाळ्यात धान्य महाग झाले आणि गोरगरिबांना भाकरी परवडेना. सिमियन यांनी निधी उभा केला आणि केंब्रिजच्या आसपासच्या गावांत स्वस्त पाव मिळेल अशी व्यवस्था केली. एवढेच नव्हे, तर बेकरीवाले ठरल्याप्रमाणे वागतात की नाही हे पाहण्यासाठी ते स्वतः घोड्यावरून गावोगावी जात. एकट्याने सगळ्यांना भेटणे अशक्य आहे हे ओळखून त्यांनी मंडळीतील सामान्य बंधुभगिनींचे गट तयार केले आणि आजारी व गरजू लोकांना भेटण्याचे काम त्यांच्यावर सोपवले.

१ पेत्र ५ मध्ये प्रेषित वडिलांना सांगतो की कळपावर धनीपण करू नका, कळपाला कित्ता व्हा. कित्ता होण्यासाठी माणसाला जवळ जावे लागते. रविवारी केलेला संदेश लोक विसरतील, पण त्यांच्या अडचणीच्या दिवशी दारात कोण उभे होते हे विसरणार नाहीत.

५. तुमच्यामागून येणाऱ्यांना घडवा

सिमियन आठवड्यातून एकदा आपल्या खोल्यांमध्ये विद्यापीठातील तरुणांना चहासाठी बोलावत. तरुण प्रश्न विचारत आणि ते शास्त्रातून उत्तरे देत. उपदेश कसा तयार करावा हेही ते शिकवत. त्यांचे साहाय्यक हेन्री मार्टिन १८०६ मध्ये कलकत्त्यास आले. दानापूर व कानपूर येथे सेवा करत त्यांनी नव्या कराराचे उर्दू भाषांतर केले. कानपूरला त्यांचा उपदेश ऐकणाऱ्यांत एक तरुण होता, जो पुढे अब्दुल मसीह या नावाने ओळखला गेला. त्याचा बाप्तिस्मा १८११ मध्ये कलकत्त्यात झाला, तेव्हा मार्टिन भारत सोडून गेले होते. पुढच्याच वर्षी तोकात येथे, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मार्टिन यांचा मृत्यू झाला. अब्दुल मसीह यांनी नंतर आग्र्यात अनेक वर्षे सेवा केली. सिमियन यांच्या प्रभावाखाली आलेले दुसरे तरुण डॅनियल कॉरी पुढे मद्रासचे पहिले बिशप झाले.

हेच आपल्या देशातील एका पुढाऱ्याच्या जीवनातही दिसते. बिशप व्ही. एस. अझरिया १९१२ मध्ये दोर्नकलचे बिशप झाले आणि १९४५ मध्ये मृत्यू होईपर्यंत तेथेच राहिले. अँग्लिकन मंडळीतील ते पहिले भारतीय बिशप. सुवार्ता सांगणे हे केवळ पगारी सेवकांचे काम नाही, असा त्यांचा आग्रह होता. म्हणून बाप्तिस्मा घेणाऱ्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला सांगत आणि सुवार्ता सांगण्याची जबाबदारी त्यांच्याच तोंडून वदवून घेत. दोर्नकलची मंडळी वाढली ती गावोगावच्या अशा साध्या विश्वासणाऱ्यांमुळे.

पौल तीमथ्याला हेच सांगतो: जे ऐकले ते विश्वासू माणसांना सोपवून दे, म्हणजे ते इतरांना शिकवतील (२ तीमथ्य २:२). तुम्ही उद्या नसाल तर तुमच्या मंडळीतील बायबल अभ्यास कोण घेईल? नाव सुचत नसेल, तर कामाला येथूनच सुरुवात करा.

६. दुर्बळ वर्षेही देवाच्या हातात असतात

१८०७ मध्ये सिमियन यांचा आवाज बसला. पुढची सुमारे तेरा वर्षे उपदेशानंतर त्यांना जेमतेम कुजबुजता येई. साठाव्या वर्षी निवृत्त व्हावे, असे त्यांच्या मनात होते. पण त्याच सुमारास, १८१९ मध्ये स्कॉटलंडच्या प्रवासात, त्यांची शक्ती परत आली. हे बळ देवाने सेवेसाठीच दिले आहे असे मानून त्यांनी आणखी सतरा वर्षे काम केले. ज्या शहरात त्यांच्यासाठी चर्चचे दार बंद झाले होते, त्याच शहरातील दुकाने त्यांच्या अंत्यविधीच्या दिवशी बंद राहिली.

तरीही एक सावधगिरी बाळगा. टिकून राहणे वेगळे आणि खुर्चीला चिकटून राहणे वेगळे. हिशेब दाखवायला न आवडणारा, तरुणांना पुढे येऊ न देणारा आणि प्रश्न विचारणाऱ्याला बंडखोर ठरवणारा पुढारी चाळीस वर्षे राहिला, तरी तो विश्वासूपणा नव्हे. तसेच शरीर थकले असेल, किंवा देव खरोखर दुसरीकडे बोलावत असेल, तर आनंदाने जबाबदारी सोपवणे हाही आज्ञाधारकपणाच आहे.

मंडळीच्या सभासदांसाठी

होली ट्रिनिटीच्या लोकांनी बाकांना कुलूप लावले. आपण मनाला कुलूप लावतो. उपासनेला येतो, पण ऐकायचे नाही असे ठरवूनच बसतो. या आठवड्यात तुमच्या पाळकाला भेटा. तक्रार असेल तर ती त्यांच्यापाशीच, प्रेमाने बोला. त्यांच्या कुटुंबाची विचारपूस करा आणि त्यांच्यासाठी रोज नाव घेऊन प्रार्थना करा.

मनन व चर्चेसाठी प्रश्न

१. मला सेवा सोडावीशी वाटते तेव्हा त्यामागे देवाचे पाचारण असते, की दुखावलेले मन?
२. माझ्या विरोधकाशी मी सौम्यतेने बोललो, असा शेवटचा प्रसंग कोणता?
३. या वर्षी मी कोणत्या दोन व्यक्तींना सेवेसाठी तयार करत आहे?
४. आमच्या मंडळीत अडचणीत असलेल्या घरांना भेट देण्याचे काम कोण करते?

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू उत्तम मेंढपाळ आहेस. जे पाळक आज थकले आहेत त्यांना नवे बळ दे. आमच्या मंडळीतील बंद दारे उघड. आम्हाला सौम्यता, धीर आणि शेवटपर्यंत विश्वासू राहण्याची कृपा दे. आमेन.