पाच आणे चार पै आणि साठ वर्षांचं गहाण

प्रश्न : उकव्याजवळच्या एका गावच्या मालगुजारीत आमच्या पणजोबांचा ५ आणे ४ पै हिस्सा होता. त्या हिश्शाच्या सीरपैकी सहा एकर धानाचं शेत आजोबांनी १९६३ साली १,५०० रुपयांना सावकाराकडे कब्जासह गहाण ठेवलं. कागद रजिस्टर्ड आहे. मुदत नाही, 'रक्कम फिटेपर्यंत' एवढंच लिहिलं आहे. आजोबा, मग आजी, दोघंही मृत्युपत्र न करता गेली. खसऱ्यात भूमिस्वामी म्हणून अजून आजोबांचंच नाव आहे. सावकाराचा नातू म्हणतो, साठ वर्षं झाली, शेत आमचं. फार तर पाच लाख द्या, सोडतो. दोन्ही आत्या हिस्सा मागतात. बाबा म्हणतात, त्यांना लग्नात दिलं ते दिलं. मालगुजारीच्या हिश्शाचं आता काही मिळेल का? आणि शेताखाली मँगनीज निघालं तर?
— एक वाचक, उकवा (जि. बालाघाट)

उत्तर : मालगुजारीचा हिस्सा आधी मनातून काढा. मध्य प्रदेशच्या १९५० च्या कायद्याने ३१ मार्च १९५१ रोजी मालगुजाऱ्या सरकारजमा झाल्या. सोळा आण्यांतले तुमचे ५ आणे ४ पै, म्हणजे गावाचा तिसरा हिस्सा, त्या दिवशी संपला. पेटीतला तो कागद जपून ठेवा, पण त्यावर दावा उभा राहत नाही. मालगुजाराकडे उरली ती घरची शेती, सीर आणि खुदकाश्त. तिचा मालक आधी मालिक मकबुजा झाला आणि पुढे भूमिस्वामी; २ ऑक्टोबर १९५९ ला लागू झालेल्या मध्य प्रदेश भू-राजस्व संहितेतही तो भूमिस्वामीच राहिला. तुमचं शेत या वाटेनं आलेलं आहे.

आता गहाण. तुमच्या बाजूची सगळ्यात जड गोष्ट पत्रात एका ओळीत आली आहे : कागद १९६३ चा, म्हणजे संहिता लागू झाल्यानंतरचा आहे. भूमिस्वामीच्या जमिनीचं कब्जेगहाण सहा वर्षांपेक्षा जास्त मुदतीचं असू नये आणि मुदत संपताच एक पैसाही न देता ते फिटलं असं धरावं, ही अट कागदातच हवी, असं संहितेचं कलम १६५, पोटकलम २ सांगतं. 'रक्कम फिटेपर्यंत' हे गहाण त्यात बसत नाही. मुदतीनंतर कब्जा न सोडणाऱ्याला बेकायदा कब्जेदार म्हणून हटवण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे. सावकाराने पीक साठ वर्षं खाल्लं. वर पाच लाख कसले?

समोरचा वकील दोन मुद्दे काढेल. पहिला, गहाण सोडवण्याची तीस वर्षांची मुदत उलटली. कब्जेगहाणात ही मुदत गहाणाच्या तारखेपासून मोजायची नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने सिंह राम विरुद्ध शिव राम या प्रकरणात २०१४ साली ठरवलं आहे. एकदा गहाण ते कायम गहाण, हे तत्त्व आपल्याकडे इंग्लंडच्या चान्सरी कोर्टातून आलं. दुसरा मुद्दा बारा वर्षांच्या विरोधी कब्जाचा, आणि खरी झुंज इथेच होईल. गहाणदार म्हणून शेतात शिरलेला माणूस नुसती वर्षं मोजून मालक होत नाही. 'हे शेत माझं, तुमचं नव्हे' असं त्याने कधी, कुणासमोर उघड सांगितलं, ते त्याने सिद्ध करायचं. म्हणून त्याच्या घरच्यांना तुम्ही कधी काही लिहून दिलं आहे का, ते आधी आठवा. तसा कागद असेल तर वकिलापासून लपवू नका.

आत्यांच्या बाबतीत बाबांचं म्हणणं चालणार नाही. शेत वडिलोपार्जित धरलं, तर २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा विनीता शर्मा निकाल यांनुसार मुलगी मुलाच्या बरोबरीची वाटेकरी. मात्र २० डिसेंबर २००४ पूर्वी रजिस्टर्ड किंवा कोर्टाची वाटणी झालेली नसावी. आजोबांचं स्वतःचं धरलं, तरी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने तिघांना सारखंच. इंग्लंडात १९२५ पर्यंत मृत्युपत्र नसलं की सगळी जमीन थोरल्या मुलाला जायची. बाबांना आवडला असता तो कायदा, पण उकव्याला तो कधीच लागू नव्हता. म्हणजे बाबा आणि दोन आत्या, प्रत्येकी तिसरा हिस्सा. जुन्या भाषेत पुन्हा ५ आणे ४ पैच! आत्यांचं हक्कसोडपत्र हवं असेल तर त्यांनी ते राजीखुशीने आणि रजिस्टर करून द्यायला हवं. लग्नातल्या दागिन्यांनी ते होत नाही.

मँगनीजचा विचार सोडा. संहितेच्या कलम २४७ प्रमाणे खनिज सरकारचं. उकव्याची खाण मॉइल ही सरकारी कंपनी चालवते. तुमचा हक्क वरच्या मातीवर. खाणीसाठी ती लागलीच तर मोबदला भूमिस्वामीला, म्हणून नाव बरोबर असणं महत्त्वाचं.

उपनिबंधकाकडून १९६३ च्या दस्ताची प्रमाणित नक्कल काढा. त्यात 'गहाण' लिहिलं आहे की 'विक्री', हे स्वतः वाचा. विक्रीखत असेल तर वरचं बरंचसं लागू पडत नाही. जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममधून मिसल बंदोबस्त (बंदोबस्ताच्या वेळची नोंद) आणि जुने खसरे मिळवा. मग कलम ११० खाली फौती नामांतरणाचा अर्ज करा, त्यात दोन्ही आत्यांची नावं घालून. त्यांना वगळून अर्ज केलात तर पहिली हरकत सावकाराची नव्हे, आत्यांचीच येईल.

सावकाराच्या नातवाला तोवर एक रुपयाही देऊ नका आणि त्याने पुढे केलेल्या स्टॅम्पपेपरवर सही करू नका.