ताशाचे तांबे, ड्रमचे पितळ : धातू नादाला काय देतो?

प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात किंवा १४ एप्रिलच्या मिरवणुकीत शाळेचे बँडपथक चालू लागले, की सर्वप्रथम कानी पडतो तो साईड ड्रमचा कडकडाट. नवा ड्रम घेण्याची वेळ आली म्हणजे मात्र पथकात एक वाद हमखास उद्भवतो. कोणी म्हणतो, पितळेचा घ्या, त्याचा नाद भरदार असतो. कोणी म्हणतो, स्टीलचा घ्या, तो दूरवर ऐकू जातो. ॲल्युमिनियमचा ड्रम हलका म्हणून लहान मुलांना हवासा वाटतो. निवासी शाळेचा निधी मर्यादित असतो आणि पितळेचा ड्रम महाग असतो. म्हणून या मतांत तथ्य किती, हे पदार्थविज्ञानाच्या आधारे तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम वाद्याची रचना पाहू. साईड ड्रम म्हणजे दोन्ही बाजूंनी उघडे असे आखूड पिंप. त्याच्या वरच्या तोंडावर आघाताचे पान आणि खालच्या तोंडावर त्याहून पातळ पान ताणलेले असते. खालच्या पानाला लागून बारीक तारांची पट्टी असते. वर काठी पडली की आतील हवा दाबली जाते, खालचे पान हलते आणि तारा त्यावर आपटून थरथरतात. ड्रमचा तो परिचित चरचरीत आवाज या तारांचा असतो. म्हणजेच ध्वनी निर्माण करणारे मुख्य घटक तीन : पाने, हवा आणि तारा. पिंपाचा क्रमांक त्यानंतर लागतो.

ताणलेल्या गोल पानाची कंपने तंतुवाद्याच्या तारेसारखी सरळ पटींत नसतात. मूळ कंपनाची वारंवारता १ मानली, तर आदर्श पानाची पुढील कंपने १.५९, २.१४, २.३० अशा विषम प्रमाणात येतात. त्यामुळे ड्रमला निश्चित स्वर नसतो. तबला व मृदंग यांच्या पानावरील शाईमुळे हे प्रमाण पूर्णांकांच्या जवळ येते, हे सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी सहकाऱ्यासह १९२० साली ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले होते. तेथेही नादाचे रहस्य सापडले ते पानाच्या घडणीत.

मग धातूचे कार्य कोणते? पिंप पानाचा काठ धरून ठेवते. काठ जड व ताठर असेल, तर पानाची कंपने त्यावरून परत फिरतात आणि ऊर्जा पानातच राहते. काठ हलका असेल, तर तो स्वतः किंचित हलतो आणि काही ऊर्जा घेऊन जातो. शिवाय पिंपाला स्वतःचीही कंपने असतात. त्यांची वारंवारता आकार, जाडी आणि धातूतील ध्वनीचा वेग यांवर अवलंबून असते.

येथे एक लक्षणीय गोष्ट आढळते. पोलाद आणि ॲल्युमिनियम या दोहोंच्या दांड्यातून ध्वनी सेकंदाला सुमारे ५००० मीटर वेगाने जातो. तांब्यातून हा वेग सुमारे ३७०० मीटर आणि पितळेतून सुमारे ३५०० मीटर असतो. अर्थात, समान मापाच्या पोलादी व ॲल्युमिनियमच्या पिंपांची स्वतःची कंपने जवळजवळ एकाच पट्टीतील असतात. पितळेची मात्र सुमारे तीन दशांशाने खाली उतरतात. पितळेचा नाद ‘भरदार’ वाटण्यामागे हे एक कारण संभवते. तथापि कडी, बोल्ट आणि ताण यांमुळे ही कंपने बरीच दबतात. त्यांचा प्रत्यय विशेषतः काठी पानावर आणि कड्यावर एकाच वेळी पडते तेव्हा येतो.

पोलाद व ॲल्युमिनियम यांतील खरा भेद वजनाचा आहे. ३५.५ सेंटिमीटर व्यासाचे, १४ सेंटिमीटर उंचीचे आणि १ मिलिमीटर जाडीचे पिंप घेतल्यास त्यात सुमारे १५६ घनसेंटिमीटर धातू लागतो. घनतेने गुणल्यास तांब्याचे पिंप सुमारे १.४ किलो, पितळेचे १.३ किलो, पोलादाचे १.२ किलो आणि ॲल्युमिनियमचे अवघे ४२० ग्रॅम भरते. जालन्याच्या सळई कारखान्यांमुळे राजूर परिसरातील विद्यार्थ्याला पोलाद परके नाही. हे गणित त्याने स्वतः वहीत करून पाहावे. दोन तास ड्रम गळ्यात अडकवून चालणाऱ्या मुलासाठी हा फरक नादाच्या फरकाइतकाच महत्त्वाचा आहे.

आपल्याकडील ताशाकडे पाहिल्यास धातूचे आणखी एक कार्य ध्यानात येते. ताशाचे भांडे खालून बंद असते, ते पारंपरिक पद्धतीने तांब्याचे करीत. तांबट तांबे तापवून मऊ करतात आणि मग ठोकून त्याला आकार देतात. मठारकामाने तेच तांबे पुन्हा कडक होते. अशा भांड्याचा काठ पानाचा प्रचंड ताण वाकल्याविना सोसतो. ताण जितका अधिक, तितका ताशा तडतडीत. म्हणजे तांब्याने नादाला दिलेली मोठी देणगी आहे ती ताण सोसण्याची.

ताणाचे हे महत्त्व आपल्या गावांत फार पूर्वीपासून ज्ञात होते. हलगी वाजविण्याआधी ती जाळावर शेकतात. उष्णतेने चामड्यातील ओल जाते, ते आकसते, ताण वाढतो आणि आवाज चढतो. हलगी शेकणाऱ्या हातांना हे विज्ञान पक्के ठाऊक होते. ते लिहून ठेवण्याची लेखणी मात्र त्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या मिळाली नाही. आज ती तुमच्या हाती आहे.

म्हणून कोणाच्या सांगण्यावर विसंबू नये, प्रयोग करावा. समान मापाचे, पण निरनिराळ्या धातूंचे दोन ड्रम घ्यावेत. दोहोंवर एकाच प्रकारची पाने चढवावीत. प्रत्येक बोल्टजवळ हलकेच टिचकी मारून सर्वत्र एकच आवाज येईपर्यंत बोल्ट जुळवावेत. एका विद्यार्थ्याने पाठ फिरवून बसावे. दुसऱ्याने चिठ्ठ्या काढून, त्या क्रमाने वीस वेळा एकेक ड्रम वाजवावा आणि उत्तरे नोंदवावीत. नुसत्या अंदाजानेही सरासरी दहा उत्तरे बरोबर येतात. पंधरा किंवा अधिक बरोबर आली, तर कान खरोखर भेद ओळखतो असे मानावे, कारण केवळ योगायोगाने असे शंभरात सुमारे दोनदाच घडते. नंतर एकाच ड्रमचा ताण बदलून हाच प्रयोग पुन्हा करावा आणि दोन्ही नोंदी शेजारी ठेवाव्यात.

धातूचा परिणाम खरा आहे, परंतु तो सूक्ष्म आहे. सैल पानाचा पितळी ड्रम नीट जुळवलेल्या साध्या ड्रमपुढे फिका पडतो. तेव्हा शाळेने मजबूत, गोल आणि पेलवेल असा ड्रम घ्यावा. उरलेला पैसा चांगल्या पानांवर व तारांवर खर्च करावा आणि ड्रम जुळवण्याचे कौशल्य प्रत्येक वादकाला शिकवावे. महाग धातू सर्वांच्या आवाक्यात नसतो. ऐकणारा कान आणि नोंद ठेवणारी वही मात्र प्रत्येकाला मिळवता येते.