घाटात पिकअप दम टाकते

प्रश्न : मिरकरवाडा बंदरातून आंबा घाटमार्गे कोल्हापूरला मासळी नेतो. पावसाळ्यात पिकअप चढावर दम टाकते. जादा डिझेल फिल्टर बसवू का?
– एक वाहनचालक, रत्नागिरी

उत्तर : बसवा, पण आधी पाणी काढा. कोकणच्या दमट हवेत अर्ध्या रिकाम्या टाकीत बाष्प थंडावते आणि पाणी तळाशी साचते. म्हणून रात्री टाकी भरलेली ठेवा. बॅरलमधले डिझेल टाळाच. इंजिन बंद करून फिल्टरखालचा ड्रेन स्क्रू सैल करा, निव्वळ डिझेल येईपर्यंत पाणी सोडा. पावसाळ्यात हे दर आठवड्याला हवे. कॉमन रेल इंजिनात दाब १००० बारच्या वर जातो. तिथे पाणी आणि डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळही इंजेक्टर खाते.

जादा फिल्टर पाणी वेगळे करणारा घ्या. तो टाकी आणि मूळ फिल्टर यांच्यामध्ये बसवा, साधारण ३० मायक्रॉनचा. तिथे फार बारीक जाळीचा लावलात तर डिझेल पुरेसे ओढले जात नाही आणि घाटात हाच त्रास वाढतो. मूळ फिल्टर मात्र अस्सलच घ्या, तिथे पैसे वाचवू नका. गाडी वॉरंटीत असेल तर डीलरची लेखी संमती आधी घ्या. एवढ्यानेही फरक पडला नाही, तर टाकी उतरवून आतून साफ करून घ्या.