बोट तापते तेव्हा पाण्याची वाट धरा

वेकबोर्ड बोटीच्या इंजिनाला गाडीसारखा रेडिएटर नसतो. गाडीत तेच ते कूलंट फिरत राहतं. इथे बोट ज्या पाण्यावर तरंगते तेच पाणी तळाच्या भोकातून वर खेचलं जातं, इंजिनातून फिरतं आणि एक्झॉस्टच्या धुरासकट मागे बाहेर पडतं. काही बोटींत कूलंटचं बंद चक्र असतं, पण त्या कूलंटला थंड करायलाही शेवटी बाहेरचंच पाणी लागतं. त्यामुळे बोट तापली की पहिला प्रश्न एकच, पाणी कुठे अडलं? आमची बोट ज्या दुकानात गेली तिथे हा प्रश्न कुणी विचारलाच नाही. भाग बदलत गेले, बिलं येत गेली.

आम्ही टेक्सासमध्ये ऑस्टिनजवळ राहतो, बोट लेक ट्रॅव्हिसवर उतरवतो. दोन मराठी कुटुंबांनी मिळून घेतलेली सेकंडहँड बोट, ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन. पाने-पकडी माझ्याकडे आणि स्टिअरिंग नवऱ्याकडे, ही वाटणी पहिल्यापासूनची. मुलं बोर्डवर उभी राहून बोट ताशी वीस-बावीस मैलांवर गेली की तापमानाचा काटा १६० फॅरनहाइट सोडून वर चढायचा आणि वेग कमी केला की रेंगाळत उतरायचा. दुकानाने इम्पेलर (पाणी खेचणाऱ्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) बदलला, थर्मोस्टॅट बदलला. ड्राइव्हवेत बागेचा होज लावून इंजिन चालवून दाखवलं, काटा जागचा हलला नाही. लेकवर नेली तर पुन्हा तेच. मग सर्क्युलेशन पंप बदलायचा सल्ला आला, त्यापाठोपाठ एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा. मॅनिफोल्डचा आकडा ऐकला आणि मी बोट घरी आणली.

होजवर थंड राहणारी बोट लेकवर का तापते, याचं उत्तर मिळालं तिथे अर्धं काम झालं. बोट पाण्यात असते तेव्हा पंप पाणी खेचतो, म्हणजे तळाच्या भोकापासून पंपापर्यंतच्या सगळ्या नळीत ओढ असते. त्या भागात कुठे फट असेल तर पाणी बाहेर गळत नाही, हवा आत शिरते. खाली एक थेंबही दिसत नाही, म्हणून कुणाला संशयही येत नाही. होज लावला की उलटं होतं. नळाचा दाब पाणी आत ढकलतो, हवेला शिरकावच राहत नाही. शिवाय होजवर इंजिन आयडलवरच चालतं. वेगात लागेल इतकं पाणी बागेच्या नळातून येत नाही. सेकंडहँड बोट बघायला गेलात आणि विकणाऱ्याने ड्राइव्हवेत इंजिन सुरू करून दाखवलं, तर शांतपणे म्हणा, ‘चला, लेकवर जाऊन बघू.’

हवा कुठून येते ते शोधायला मी एक स्वस्त वस्तू आणली, जाळीदार धाग्याची पारदर्शक नळी. तिचा तुकडा पंपाच्या अगदी आधी बसवला आणि लेकवर इंजिनाचं झाकण उघडं ठेवून बोट चालवली. (केस घट्ट बांधा, ओढणी-बिढणी घरी ठेवा, पट्टा फिरत असतो.) वेग वाढला तसा नळीत बुडबुड्यांचा लोंढा सुरू झाला. मग तोच तुकडा पंपाच्या वाटेवरच्या गाळणीच्या आधी बसवला, तर तिथे पाणी स्वच्छ. म्हणजे चोर गाळणीतच होता. तिच्या झाकणाखालची रबरी रिंग पीळ पडून एका जागी चिरली होती. हिवाळ्यापूर्वी दुकानाने पाणी काढण्यासाठी गाळणी उघडली होती, तेव्हा रिंग परत बसवताना दबली असावी. फेब्रुवारी २०२१ च्या कडाक्याच्या थंडीत आत पाणी राहिलेल्या इंजिनांचे ब्लॉक तडकले, तेव्हापासून इकडे आम्ही पाणी काढून घेण्याबाबत हयगय करत नाही. पण काढताना जे उघडलं ते नीट बंद झालं का, हे कुणी बघत नाही.

नवी रिंग बसली, काटा १६० वर येऊन टेकला. नवरा म्हणाला, ‘झालं ना? चल आता.’ मी इन्फ्रारेड थर्मामीटर हातात घेतला. कोविडच्या काळात कपाळावर रोखायचो तो नव्हे, त्याची मजल तिथवर जात नाही. मेकॅनिक वापरतात तो. व्ही-८ ला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड दोन, डावा आणि उजवा, आणि दोन्ही जवळपास सारखेच गरम असायला हवेत. आमचा डावा कितीतरी जास्त तापलेला निघाला. त्या बाजूला पाणी नेणारी नळी थर्मोस्टॅटच्या हाउसिंगपासून सोडवली तर कोपऱ्यात रबराची दोन पाती अडकलेली. जुन्या इम्पेलरची! दुकानाने नवा इम्पेलर टाकला, पण जुन्याची तुटलेली पाती कुठे गेली हे शोधलंच नव्हतं.

काट्यावर हे का दिसलं नाही? सेन्सर इंजिनाच्या पाण्याचं तापमान मोजतो, मॅनिफोल्डचं नाही. एका बाजूला पाणी पोचलं नाही तरी काटा शहाण्यासारखा जागेवर राहतो. पण त्या बाजूचा तापलेला धूर पाण्याशिवाय थेट रबरी एक्झॉस्ट होजवर आदळतो. होज जळतो आणि बोटीत पाणी तरी शिरतं, नाहीतर आग तरी लागते. जळक्या रबराचा वास आला तर काटा काय सांगतोय ते विसरा. चालत्या इंजिनाच्या एक्झॉस्ट होजला हात लावून ठेवता आला पाहिजे. चटका बसला की पाणी पोचत नाही असं समजा.

माझा मामेभाऊ तारकर्लीला पर्यटकांची बोट चालवतो. त्याच्या आउटबोर्ड इंजिनातून बाजूला पाण्याची बारीक धार उडते, ती बघूनच त्याला पंपाची तब्येत कळते. आमच्या इनबोर्डला अशी धार नाही. एक्झॉस्टमधून पडणारं पाणी बघावं लागतं. ते बघायला मात्र मागच्या प्लॅटफॉर्मवर ओणवं होऊ नका, मुलांनाही तिथे बसवू नका. आयडलवर चालणाऱ्या बोटीच्या मागे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो आणि तो माणसाला बेशुद्ध करून पाण्यात पाडतो. बाजूला धक्क्यावर उभं राहून बघा.

तुमची बोट कधी तापते ते आधी टिपून ठेवा. वेगात तापत असेल तर पाणी कमी पडतंय: तळाच्या जाळीवर शेवाळ किंवा प्लास्टिकची पिशवी, गिअरबॉक्सच्या कूलरच्या तोंडाशी अडकलेला पाला, थकलेला इम्पेलर किंवा आतून सुटलेली जुनी नळी. अशी नळी बाहेरून ठणठणीत दिसते, वेग वाढला की आतला थर ओढीने मिटतो. म्हणून ओढीच्या बाजूला आत तार असलेलीच नळी वापरा. फक्त आयडलवर तापत असेल तर घासलेला पंप बघा. पिशवीचा प्रकार सगळ्यांत फसवा. इंजिन बंद केलं की ओढ जाते, पिशवी सुटते, बोट शहाण्यासारखी चालते आणि अर्ध्या तासाने पुन्हा तापते.

पाण्यात असताना काटा चढला तर आधी दोरीवरच्या माणसाजवळ जा, इंजिन बंद करा, मगच त्याला बोटीत घ्या आणि नांगर टाका. तापलेल्या ब्लॉकवर गार पाणी ओतू नका. बंद चक्राची बोट असेल तर गरम असताना कूलंटची टोपी उघडू नका. पुन्हा सुरू करण्यापूर्वी ब्लोअर चार मिनिटं चालवा, इंजिनाच्या कप्प्यात पेट्रोलची वाफ साचलेली असू शकते.

ट्रॅव्हिसचं पाणी दुष्काळात फार खाली जातं, तेव्हा किनाऱ्याजवळ वाळू आणि गाळ खेचला जातो आणि इम्पेलर एका हंगामात झिजतो. त्यात २०१७ पासून या लेकमध्ये झेब्रा शिंपले आहेत, गाळणीत त्यांचे कपचे सापडतात. टेक्सासमध्ये बोट बाहेर काढताना सगळं पाणी सोडून देणं कायद्याने बंधनकारक आहे. त्याच वेळी गाळणी उघडून बघायची सवय लावा, वेगळा वेळ लागत नाही.

इम्पेलर दरवर्षी बदला, तो दिसायला चांगला असला तरी. बोटीत एक जास्तीचा इम्पेलर, पंपाच्या झाकणाचं गॅस्केट, गाळणीची रिंग आणि स्क्रूड्रायव्हर ठेवा. इंजिन कोरडं चालवू नका. काही सेकंदांतही पाती जळतात. जुना इम्पेलर काढलात की पाती मोजा, आणि एक जरी कमी भरलं तरी पुढच्या नळ्या सोडवून ते मिळेपर्यंत शोधा. काम दुकानात देणार असाल तर काढलेला भाग परत हवा असं आधीच कागदावर लिहून घ्या. मी आता घेते. मालक कुरकुरतो, पण पिशवीत घालून देतो.